तालमीतलं गजकर्ण

तालमीच्या मातीला एक वास असायचा. लाल माती दोनदा चाळायची, तिच्यात हळद, तिळाचं तेल, आंबट ताक, लिंबू आणि वाटलेला कडुलिंब कालवायचा, आणि मग वर्षभर तीस-चाळीस पोरांचा घाम तिच्यात मुरायचा. माझ्या वयाची माणसं या वासाची आठवण निघाली की डोळे मिटतात, मांडीवर थाप मारतात आणि आपल्या वेळच्या दुधाबदामाच्या गोष्टी सांगू लागतात. मला मळमळतं. परवा आमच्या गल्लीतून कुठल्याशा आखाड्यासाठी मातीची गाडी चालली होती. नुसती कोरडी माती, तेल नाही की ताक नाही. तरी मी खिडकी लावून घेतली. सूनबाईंनी विचारलं, “धूळ येते का, मामंजी?” मी हो म्हटलं. असं बारीकसारीक खोटं बोलायची मला सवयच आहे. मोठं खोटं मी आयुष्यात फार बोललो नाही. जे बोललो ते सगळं मिळून तीन-चार वाक्यांचं आहे, आणि तेच या प्रकरणात लिहायचं आहे.

ठाण्याच्या आमच्या इंग्रजी शाळेच्या तालमीच्या इतिहासावर मी आजवर तीनदा भाषण केलं आहे. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की वक्त्यांत माझं नाव ठरलेलं असे. तालीम अमक्या दानशूर गृहस्थांनी उभारली, तमक्या हेडमास्तरांनी ती नावारूपाला आणली, असं मी ठासून सांगत असे आणि टाळ्या पडत. खरी गोष्ट अशी की शाळेच्या मागे एक मोडका तबेला होता, त्याचं छप्पर आम्हीच शाकारलं आणि माती आम्हीच वाहिली. घोडबंदरच्या वाटेवर एक टेकडी होती, तिथली माती तांबडी आणि मऊ. टोपल्या डोक्यावर घेऊन आमची रांग निघे आणि सर्वांत पुढे रावजी मास्तर. ते पलटणीतून सुटून आलेले, शाळेत कसरत शिकवायला ठेवलेले. मिशीला मेण लावत आणि ‘डावा पाय पुढे’ एवढंसुद्धा ओरडून सांगत. दानशूर गृहस्थ एकदाच आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि गेले. त्यांची तसबीर अजून तालमीत आहे. मास्तरांची नाही.

आमचे तीन संघ होते. कुस्ती-मल्लखांबाचा एक, आट्यापाट्यांचा एक आणि चेंडूफळीचा एक. क्रिकेट हा शब्द साहेबांच्या तोंडी; आम्ही चेंडूफळीच म्हणत असू, आणि आमची फळीसुद्धा गावातल्या सुताराने करून दिलेली, दिसायला धोपटण्यासारखी. थंडीत कल्याणच्या शाळेशी सामने होत, एक वर्ष ठाण्याला आणि एक वर्ष कल्याणला. त्या सामन्यांचं वेड इतकं की दिवाळी संपली की भूमिती, भूगोल सगळं गुंडाळून ठेवलं जाई. आणि कुस्तीच्या संघात असणं ही नुसती मिजास नव्हती. संघातल्या गरीब मुलाला हेडमास्तरांच्या शिफारशीने नादारी मिळे, म्हणजे फी माफ. ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत होती त्या आम्हाला यात काही विशेष वाटत नसे. ज्याच्या घरी ती नव्हती असा आमच्या संघात एकच मुलगा होता.

आमचं घर तलावापासून दोन गल्ल्या आत. वडील, म्हणजे नाना, कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांचा अर्ज लिहिण्यात हातखंडा, त्यामुळे रविवारी सकाळी ओटीवर माणसं येऊन बसत आणि नाना त्यांना हवं ते सरकारी भाषेत उतरवून देत. आम्ही प्रभू, घरात मासळी. सकाळी मी तालमीतून येई तेव्हा आई वाल सोलत बसलेली असे, चुलीवर भाताचं झाकण खडखडत असे आणि माझी विधवा आत्या, गोदूआत्या, खवणीवर नारळ खवत असे. त्या खवणीचा खर्रखर्र आवाज मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू येई. आत्या स्वतः मासळीला शिवत नसे, पण ताजे बोंबील कोणती कोळीण देते यावर आईशी हिरिरीने भांडत असे. मी आत शिरलो की ती नाक मुरडी. “आला का रेडा डबक्यातून? आधी विहिरीवर जा. मग माणसांत ये.” असं म्हणून माझ्यासाठी वाटीत ओल्या खोबऱ्याचा चव आणि गूळ मात्र काढून ठेवलेला असे. घरगुती औषधांतही तिचा अधिकार मोठा. गल्लीतल्या बायका पोरांना घेऊन तिच्याकडे येत आणि ती दारातूनच पोराची जीभ बघून सांगे, याला जंत झालेत, त्याला दृष्ट लागली आहे.

नादारीवरचा मुलगा म्हणजे पास्कू. बाळकुमचा. पोर्तुगीज अमदानीत बाटलेल्या किरिस्तांव कुटुंबातला. बाप मिठागरात कामाला. पास्कू सकाळी खाडीच्या कडेकडेने चालत ठाण्याला येई, शाळा सुटली की पुन्हा चालत जाई आणि अंधार पडेपर्यंत बापाबरोबर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढी. पोरांनी सुरुवातीला पुष्कळ कुरकुर केली. तालमीत मारुती होता. त्याला आम्ही नमस्कार करत असू तेव्हा पास्कू बाजूला उभा राही, मग कपाळापासून छातीपर्यंत बोट फिरवून क्रूस काढी आणि आखाड्यात उतरे. गणू वैद्य नावाचा आमच्यातला एक आगाऊ होता. तो म्हणे, “अरे पास्क्या, तुझ्या देवाला कुस्ती येते का?” पास्कू म्हणे, “तुझ्या देवाला इंग्रजी येतं का? मग परीक्षेला त्याला का बोलावतोस?” पोरं हसत. हळूहळू कुरकुर थांबली, कारण पास्कूला कोणी चीत करू शकत नव्हतं. मीही नाही. आमच्या दोघांत रोज कुस्ती होई आणि रोज मी खाली असे. तरी तो मला आवडत असे. तो इंग्रजीत वर्गात दुसरा होता. त्याला मॅट्रिक होऊन शाळामास्तर व्हायचं होतं. बाळकुमात शाळा काढीन आणि पहिली छडी गणूला मारायला बोलावून आणीन, असं तो म्हणे.

तालमीत माझ्याकडे मातीचं काम होतं. पहाटे सर्वांच्या आधी यायचं, फावड्याने आखाडा खणून माती वरखाली करायची, ताकाचा हबका मारायचा. हे मानाचं काम समजत. आणि एक नियम होता, तो रावजी मास्तरांनी पहिल्याच दिवशी आमच्याकडून पाठ करून घेतला होता: आखाड्याची माती आखाड्यातच झाडायची. अंगाला लागलेला कणही बाहेर न्यायचा नाही. ही माती म्हणजे देव. तिला आपण हळद-ताक खाऊ घालतो, ती आपल्याला ताकद देते.

त्या वर्षी श्रावण संपता संपता माझ्या बेंबीखाली, लंगोटाच्या पट्ट्याखाली झाकेल अशा जागी, रुपयाएवढा तांबडा डाग आला. कडेला बारीक पुळ्या, मधे पांढुरका कोंडा. खाजवलं की आधी सुख, मग आग. पंधरा दिवसांत तो पसरून हाताच्या पंजाएवढा झाला. गजकर्ण आहे हे मला कळत होतं, पण गजकर्ण ही घाणेरड्या लोकांना होणारी गोष्ट असं आमच्या घरात समजत. कोणाला दाखवणार? शेवटी मी आत्याला आडून विचारलं. “आत्या, माझ्या एका मित्राला गजकर्ण झालंय. काय करावं?”

“कुठे झालंय?”

“पायाला,” मी म्हटलं.

“तुम्ही त्या मातीला हळद घालता, ताक घालता, कडुलिंब घालता. ती काय नुसती लोळायला? रोज सकाळी तीच चोळायला सांग. चार बोटं जाड लेप. वाळला की झाडून टाकायचा. आठवड्यात खडखडीत होईल.”

तिचा दोष नाही. तिने तालीम कधी पाहिलीच नव्हती. पण मी काय केलं ते लिहितो. रोज पहाटे, आखाडा रिकामा असताना, मी कोपऱ्यात बसून लंगोट सैल करी आणि ओली माती त्या जागेवर चोळी. खरवडून चोळी, कारण खाज इतकी असे की हात थांबत नसे. लेप वाळला की त्याच्याबरोबर कातडीचा कोंडा सुटून येई. आणि मग नियमाप्रमाणे ते सगळं मी आखाड्यातच झाडी. नियम मोडला असता तर बरं झालं असतं. नंतर फावडं घेऊन सबंध आखाडा चांगला वरखाली करी, कारण ते माझं काम होतं आणि मी कामसू मुलगा होतो. तासाभराने तीस पोरं त्या मातीत तोंड, मान, बगला घासत लोळत. दोन-अडीच महिने हे चाललं. हे लिहिताना माझी बोटं मला धुवावीशी वाटतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते फुटलं. गणूच्या मानेवर, कुणाच्या कानामागे, कुणाच्या काखेत. वर्गात संस्कृतची रूपं म्हणताना पंचवीस पोरं एका लयीत खाजवत. चेंडूफळीत लांब उभ्या केलेल्या पोराचे दोन्ही हात पाठीमागे, आणि चेंडू पायांतून निघून गेलेला. पोरं यावर हसत असत. गणूने मानेवरच्या चट्ट्याला राणीच्या तोंडाचा रुपया म्हणायला सुरुवात केली. मीही हसत असे. सर्वांत जास्त हसत असेन. कारण माझ्या उघड्या अंगावर कुठेच काही नव्हतं, आणि लोक मला विचारत, “वासू, तुला बरं झालं नाही रे? मारुतीची कृपा बुवा तुझ्यावर.”

मग कल्याणच्या शाळेकडून पत्र आलं. तुमच्या मुलांच्या अंगावर रोग असल्याचं ऐकतो. त्याचा बंदोबस्त होईपर्यंत कुस्त्या होणार नाहीत. हेडमास्तर संतापले. त्यांना कुस्तीचं फारसं काही नव्हतं, पण कल्याणच्या हेडमास्तरांनी असं लिहावं हा अपमान होता. त्यांनी कुस्तीच्या संघाला लंगोटावर रांगेत उभं केलं आणि एकेकाला बघत चालले. मागे रावजी मास्तर. मी त्या दिवशी लंगोट चांगला बेंबीवर चढवून बांधला होता.

रांगेच्या टोकाला पास्कू. त्याची मान साफ, छाती साफ, पाठ साफ. पण गुडघ्यांखाली दोन्ही पाय चिरलेले, जागोजाग पांढरे पोपडे, मधे लालभडक मांस. मिठागरात खारं पाणी तासन् तास पायांवर असतं, त्याने असं होतं. बाळकुम-कळव्याच्या निम्म्या माणसांचे पाय असेच असत. हेडमास्तर पुण्याकडचे. त्यांनी मिठागर आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच.

“हे काय?” ते दोन पावलं मागे सरले.

“हा मिठाचा हाय, सर,” पास्कू म्हणाला. एरवी तो शाळेत आमच्यासारखं बोले. घाबरला की घरची भाषा तोंडात येई. “रोग नाय.”

“सर, हाच!” गणू ओरडला. “आमच्या कुणाच्या घरी आहे का असलं? यानेच आणलं!”

हेडमास्तर माझ्याकडे वळले. “वासुदेव, तू रोज पहाटे इथे असतोस. याचे पाय असे कधीपासून आहेत?”

“दिवाळीपासून, सर,” मी म्हणालो.

हे खरं होतं. पावसाळाभर मिठागर बंद असतं. काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पाय फुटतात. एवढं आणखी एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. रोगही दिवाळीनंतरच दिसू लागला होता, त्यामुळे हेडमास्तरांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. पास्कूचं नाव संघातून कमी झालं. संघातून गेलं म्हणजे नादारी गेली, आणि नादारी गेली म्हणजे शाळाही.

दुसऱ्या दिवशी आखाड्यातली सगळी माती उपसून खाडीत टाकायची होती. रावजी मास्तर आणि मी टोपल्या भरत होतो. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “लंगोट फार वर बांधतोस हल्ली.” माझ्या हातातलं फावडं थांबलं. “गंधक आणि खोबरेल,” ते पुढे म्हणाले, “रोज रात्री लाव. पंधरा दिवस. आणि तोंड बंद ठेव. तुझे वडील कचेरीत आहेत, त्यांची मान खाली जाईल. शाळेला दरसाल ग्रँटसाठी कचेरीचं तोंड बघावं लागतं.”

“आणि पास्कू?” मी विचारलं. एवढं विचारलं हे मला कित्येक वर्षं माझं पुण्य वाटत होतं.

“त्याला काय, मिठागर आहेच,” मास्तर म्हणाले आणि टोपली उचलली.

माती वाहणारा, उघड्या हाताने आमच्या मोडलेल्या बोटांना तेल लावणारा हा माणूस. मी त्याची तसबीर नाही म्हणून वर हळहळलो आहे, ते खोडत नाही. पण हेही त्याच माणसाचं आहे.

त्यानंतरच्या रविवारी पास्कू आणि त्याचा बाप आमच्या ओटीपाशी येऊन उभे राहिले. बापाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळेचा क्रूस, खांद्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं. पाय मुलापेक्षा वाईट. ते देवळातून, म्हणजे त्यांच्या इगर्जीतून, थेट आले होते. नानांनी त्यांना पायरीवर बसायला सांगितलं. मी आतून बघत होतो आणि माडीवर निघून जावं का असा विचार करत होतो, एवढ्यात नानांची हाक आली. “वासू, दौत-टाक घेऊन ये. तुझं अक्षर बरं आहे, तूच लिही. शिकशील तरी.”

मी ओटीवर मांडी घालून बसलो. पास्कू माझ्याकडे बघून जरासं हसला. त्याला वाटलं, आता काम झालं.

बाप म्हणाला, “नानासायेब, पोराला साळंतून काढलान. म्हनतान, रोग हाय. रोग नाय हो. हे बगा माजे पाय. माज्या बापाचे पन आसंच व्हते. मीठ चावतं. पोर हुशार हाय, पादरीबाबा पन सांगतान. तुमी दोन अक्षरा लिवून द्या.”

नाना सांगू लागले आणि मी लिहू लागलो. मेहेरबान हेडमास्तरसाहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज ऐसा जे. माझ्या मुलास कोणत्याही प्रकारचा स्पर्शजन्य रोग नसून. इथे माझ्या लंगोटाखाली अशी खाज उठली की डोळ्यांत पाणी आलं. गंधकाने जागा सोलवटली होती. वडिलांसमोर, पास्कूसमोर खाजवता येईना. मी बूड हलवलं. “नीट बस,” नाना म्हणाले. मग त्यांनी पास्कूला विचारलं, “पायाचं हे दिवाळीपासून आहे, असं कोणीसं सांगितलं म्हणे. खरं का?”

“मीठ दिवालीनंतरच चालू होतं, नानासाहेब. दरवर्षी होतं. चौमाशात बरं होतं.”

“मग हे हेडमास्तरांना कोणी समजावून दिलं नाही? हे लिहायलाच पाहिजे. लिही, वासू: सदरहू विकार मिठागरातील क्षारामुळे असून.” नाना खूश झाले होते. अर्जात सांगण्यासारखा मुद्दा सापडला की त्यांचा चेहरा उजळत असे. अर्ज चांगला होणार होता. तो हेडमास्तरांनी मानला असता. आणि मानला असता तर त्यांना दुसरा कोणीतरी शोधावा लागला असता, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

तेवढ्यात मधल्या दाराआडून आत्याचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं. ती नेहमीच सगळं ऐकत असे. “वासू, हाच का रे तुझा तो मित्र? ज्याच्या गजकर्णासाठी तू मला औषध विचारलं होतंस, श्रावणानंतर? पायालाच म्हणाला होतास ना?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. पास्कूने पाहिलं.

“हो,” मी म्हणालो. “हाच.”

“श्रावणानंतर?” नाना म्हणाले. “म्हणजे मीठ सुरू व्हायच्या आधी?”

“मी कवा सांगितला तुला?” पास्कू उठून उभा राहिला. “वासू, मी तुला कवा सांगितला मना रोग हाय?”

“तू नव्हतं सांगितलंस,” मी म्हणालो. “मीच पाहिलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.”

हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. दयाळूपणाचं वाक्य आहे. मला ते सुचलं कसं, इतक्या चटकन, सोळाव्या वर्षी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी आपल्याच तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढावं असं वाटलं आहे.

नानांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट दुमडला आणि फाडला. ते रागावले नव्हते. “हे बघ बाबा,” ते बापाला म्हणाले, “खोटा अर्ज मी लिहीत नाही. पोराला आधी बरं कर, मग ये.”

बापाला काय झालं ते नीट कळलंच नाही. तो नानांना नमस्कार करत राहिला. पास्कूला मात्र सगळं कळलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या कमरेकडे बघत होता. मी पुन्हा बूड हलवलं होतं. त्याचे ओठ उघडले. मग त्याने बापाकडे पाहिलं, जो अजून हात जोडून उभा होता, आणि बापाच्या कोपराला धरून म्हणाला, “चल बा. उशीर होतो.” ते दोघे गेल्यावर आत्याने पायरीवर दोन तांबे पाणी ओतलं. दुपारी जेवायला कोलंबीची खिचडी होती. मी दोनदा वाढून घेतली.

आखाड्यात नवी माती आली, पोरांचे चट्टे वाळले, तशी कल्याणने कुस्त्यांना मान्यता दिली. त्या सामन्याला पास्कूच्या जागी मला घेतलं. आमची कुस्ती मीच जिंकली. तेव्हा माझा डाग पुरता गेलेला नव्हता, आणि ज्या मुलाला मी चीत केलं त्याच्या अंगावर मी बराच वेळ होतो. महिन्याभराने कल्याणहून बातमी आली की तिकडच्या तालमीत खाज सुरू झाली आहे. गणू म्हणाला, “पास्क्याचं भूत रेल्वेने गेलं रे!” मला सामन्याबद्दल शेला मिळाला होता. पुढे मुंबईला कॉलेजात गेलो तेव्हा त्या एका कुस्तीच्या जोरावर तिथल्या जिमखान्यात मला लगेच जागा मिळाली, आणि युनिव्हर्सिटीच्या पोरांत मी ठाण्याचा पैलवान म्हणून मिरवलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते एका भेकड पोराचं पाप होतं. पण शिक्षण संपवून मी ठाण्याला परत आलो, वकिली सुरू केली आणि तालमीच्या कमिटीत बसलो. तिथे एक नियम होता: मिठागरातल्या आणि कोळीवाड्यातल्या मुलांना तालमीत घेऊ नये, कारण पूर्वी त्यांच्यामुळे रोग पसरला होता. कारणाची मला माहिती होती. माझ्याइतकी कोणालाच नव्हती. दरसाल तो नियम वाचला जाई आणि दरसाल मी हात वर करत असे. एकदा कोणीतरी म्हणालं, आता काळ बदलला, काढून टाकू या. त्यावर मी उठून सांगितलं की मी स्वतः त्या वेळी तालमीत होतो, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. नियम राहिला. किती पोरांना दारातून परत पाठवलं असेल, त्यातल्या कितींची नादारी हुकली असेल, देव जाणे. तेव्हा मी सोळा वर्षांचा नव्हतो. चाळिशीला आलो होतो, माझी मुलं शाळेत होती.

गेल्या माघात मी बाळकुमला गेलो. पास्कू हयात आहे, हे मला एका अशिलाकडून कळलं होतं. घरासमोर नारळाच्या सावलीत बसून तो जाळं विणत होता. मिठागर सोडून बरीच वर्षं झाली असावीत, पण पायांवर जुने वण तसेच. त्याने मला ओळखलं, आतून खुर्ची आणायला सांगितलं आणि शहाळं फोडून हातात दिलं. मी ते हातात धरून सगळं बोललो. डाग, माती, दिवाळी, अर्ज, कमिटी. तो जाळ्याची गाठ मारत होता. मधे एकदा विचारलं, “तुझा बा कधी गेला?” मी सांगितलं. त्याने मान हलवली, पुन्हा गाठ मारली.

माझं बोलून झालं. मला वाटत होतं, तो चिडेल. नाहीतर म्हणेल की जाऊ दे, पोरवय होतं. दोन्हीसाठी मी तयारी करून गेलो होतो. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी मी हलका होऊन घरी आलो असतो, आणि त्यासाठीच गेलो होतो, हे त्या खुर्चीत बसल्यावर मला कळलं.

पास्कूने सुई खाली ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“मना तवाच ठावं व्हतं,” तो म्हणाला. “तुझ्या ओटीवरच. आता सांगितलास. मंग आता मी काय करू, वासू? शालेत जाऊ?”